पाच अक्षरे वगळली

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. बोटाएवढा, पिवळट लाकडाचा, एका टोकाला 'सेगावा' हे आडनाव कोरलेला. पण सुरुवातीलाच एक विनंती करतो. मी सांगतो म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. परदेशांशी बोलण्याचे काम करणाऱ्या एका सरकारी कचेरीत माझी बावीस वर्षे गेली. तिथे शब्द बाहेर पाठवण्याआधी त्यांची धार काढून घेतात. त्यामुळे कोणी गोड आवाजात 'बघू हं' म्हणाले, की माझ्या अंगावर काटा येतो. मी संशयी आहे आणि ते लपवत नाही.

माझा जन्म जपानमधल्या यामानाशीच्या डोंगरातल्या एका गावात झाला. तिथे घराघरात शिक्के कोरतात. मला कोरले ते होसाका नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने. ज्या टणक लाकडाचे चांगले कंगवे होतात, त्याच लाकडाचा मी. एका मार्च महिन्यात टपाल वाटणारे सेगावा त्यांच्या दुकानात आले. टोपी हातात, तोंडभर हसू.

"पोरीला टोकियोत सरकारी नोकरी लागली," ते म्हणाले. "परदेशाच्या खात्यात! असा शिक्का करा, की साहेबलोकांनी बघत राहिलं पाहिजे."

सेगावांच्या बायकोचा वेगळाच सूर होता. "आडनाव कशाला कोरायचं? उद्या लग्न झालं की बदलेल. वाया जाईल सगळं." पण सेगावांनी ऐकले नाही. आणि मिनाकोने, म्हणजे त्यांच्या मुलीने, लग्नच केले नाही. त्यामुळे आईचा तो मुद्दा कायमचा निकालात निघाला.

शिक्का घ्यायला आल्यावर सेगावांनी मला बोटात फिरवून पाहिले. साध्या शिक्क्याला अंगावर एक छोटी खाच असते. खाचेवर बोट ठेवले, की न बघता सरळ ठसा उमटतो. मला ती खाच नव्हती.

"खूण राहिली का हो?"

"राहिली नाही, केली नाही," होसाका म्हणाले. "हा घराजमिनीचे कागद करायचा शिक्का आहे. खूण नसली, की माणसाला दर वेळी उलटून बघावं लागतं, वरची बाजू कुठली ते. तेवढ्या वेळात त्याला कळतं, आपण कशावर शिक्का मारतोय."

सेगावांनी मान डोलावली. त्यांना एवढेच कळले, की हा दुकानातला सगळ्यात भारी शिक्का आहे. सरकारी कामाला भारीच हवा, असा त्यांचा समज. खरे तर असला शिक्का वॉर्ड कचेरीत नोंदवतात आणि घरी कपाटात जपून ठेवतात. कचेरीत मारायला कोपऱ्यावरच्या दुकानातला स्वस्तातला शिक्का चालतो. मिनाकोलाही हे कोणी सांगितले नव्हते. तिने मला रीतसर नोंदवले, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मी म्हणजेच ती झालो, आणि दुसऱ्या दिवशी तोच मी तिच्या खिशात बसून कामावर गेलो.

शेजारच्या टेबलावर मुरोफुशी नावाच्या जुन्या बाई होत्या, आदराने सगळे त्यांना मुरोफुशी-सान म्हणत. त्यांनी मला पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अगं, हा शिक्का रोज कचेरीत आणतेस? उद्या कोणी याच्यावर तुझं घर विकून टाकेल."

"बाबांनी दिलाय," मिनाको म्हणाली. "आणि घर कुठाय माझं?"

तिने मला बदलले नाही. हट्टीपणा तिच्यात तेव्हाही होता, फक्त तो कुठे वापरायचा हे तिला कळत नव्हते.

माझे कामाचे दिवस असे. प्रत्येक कागदावर वरच्या बाजूला चौकोनांची एक ओळ असे. ज्याच्या टेबलावरून कागद गेला, त्याने आपल्या चौकोनात ठसा मारायचा. सगळ्यात मोठ्या साहेबाचा चौकोन डावीकडे, सगळ्यात धाकट्याचा उजवीकडे. धाकट्याने आपला ठसा किंचित डावीकडे कलता मारायचा, म्हणजे तो साहेबाच्या ठशाला वाकून नमस्कार करतो आहे असे दिसते. हसू नका, मित्रांनो. मी अनेक वर्षे असा वाकत होतो. "सेगावाचा ठसा बघा, किती नम्र," असे माझे कौतुकही होई, आणि खोटे कशाला बोलू, मला ते आवडे.

आमच्या विभागाचे एक काम होते. दूरच्या एखाद्या देशातले सरकार आपल्याच माणसांना मारू लागले, कोंडू लागले, की आमच्याकडे एक कागद तयार होई आणि तो वार्ताहरांसमोर वाचला जाई. त्या कागदात कोणता शब्द वापरायचा याची एक उतरंड होती. सगळ्यात वर 'निषेध'. मग 'गंभीर चिंता'. मग नुसती 'चिंता'. आणि तळाला 'परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत'. मिनाको कागद लिही तेव्हा तो वरच्या पायरीवर असे. मग तो फिरायला निघे. त्या देशात पूल बांधणाऱ्या विभागाकडून आला की एक पायरी खाली. मासे आणणाऱ्या विभागाकडून आला की आणखी एक. 'गंभीर' हा शब्द तर तिसरा मजला ओलांडून सहसा जिवंत परत येत नसे. कोणी मुद्दाम काही वाईट करत नव्हते. प्रत्येक जण फक्त एक शब्द काढी.

आमच्या विभागाचे प्रमुख इनोकुमासाहेब. गोल चेहरा, टेबलाच्या खणात तांदळाच्या खाऱ्या चकत्यांचा डबा, आणि कागद वाचायच्या आधीच हसायची सवय. त्यांचा शिक्का म्हशीच्या शिंगाचा, काळा, जाडजूड. ते मिनाकोला म्हणत, "सेगावा, 'निषेध' हा शब्द वर्षातून एकदाच घालायचा. सारखा घातला की झिजतो." सगळे हसत. मी हसत नसे. वाचायच्या आधी हसणारा माणूस मला कधीच सरळ वाटला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तो देश कोणता हे मी सांगणार नाही. गुप्त कागदांवर इतकी वर्षे काढली की जीभ आखडते. पण माणसाचे नाव सांगतो. तेओ दारान. तो शाळेत गणित शिकवी. त्याच्या गावात सैनिक आले आणि मोठ्या वर्गातली मुले एकेक करून नाहीशी होऊ लागली. तेव्हा त्याने हजेरीपटावरून त्या मुलांच्या नावांची यादी केली आणि शाळेच्या दारावर लावली. चौथ्या दिवशी त्यालाही उचलून नेले.

त्याची बायको लेया टोकियोत होती. जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात काम करी. दर गुरुवारी सकाळची पाळी संपवून ती आमच्या कचेरीत येई. तळमजल्यावरच्या एका छोट्या खोलीत मिनाको तिला भेटे, चहा देई. भेटीच्या चिठ्ठीवर भेटणाऱ्या अधिकाऱ्याचा शिक्का लागे, म्हणून मीही तिथे असे. पहिले दोन गुरुवार मला लेयाचाच संशय आला. बाई रडत नव्हती. तारखा, तुरुंगांची नावे, सगळे तोंडपाठ. हिला कोणी शिकवून पाठवले आहे का, असे मला वाटले. माझा स्वभावच तसा.

तिचे मागणे एकच होते. "तुमच्या कागदात त्याचं नाव घ्या. बाकी काही नको."

"फक्त नाव?" मिनाकोने विचारले.

"आमच्याकडे ज्या कैद्याचं नाव बाहेरचं सरकार घेतं, त्याला जेवण मिळतं. डॉक्टर येतो. ज्याचं नाव कोणी घेत नाही तो कोणाचाच नसतो, सेगावा-सान. आणि कोणाच्याच नसलेल्या माणसाचं काहीही करता येतं."

त्या दिवशी माझा तिच्यावरचा संशय गेला. नंतर तिच्यावर मी कधी संशय घेतला नाही.

मार्चच्या पाच तारखेला मिनाकोने त्या देशाच्या वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याला बोलावले. तो पाय लांब करून बसला आणि म्हणाला, "तो मास्तर? आहे ना आमच्याकडे. एकदम ठणठणीत. फुकटचं खातोय, झोपतोय, आणखी काय पाहिजे?" मिनाकोने ते शब्द जसेच्या तसे टिपून घेतले आणि टिपणाखाली मला लावले. मग तिने कागद लिहिला. 'शिक्षक तेओ दारान यांच्यासह कैदेतील सर्वांच्या परिस्थितीबद्दल गंभीर चिंता वाटते.' आणि कागद फिरायला निघाला.

तो परत आला तेव्हा 'गंभीर' गेले होते. त्याचे मला आश्चर्य वाटले नाही. पण नावाभोवती एक गोल काढलेला होता, पेन्सिलीने. शेजारी प्रश्नचिन्ह. सही नाही, शिक्का नाही. पेन्सिलीने लिहिले की कोणाचे नाव लागत नाही, मित्रांनो. मी कागदावर पेन्सिल पाहिली की सावध होतो.

मिनाको कागद घेऊन इनोकुमासाहेबांसमोर उभी राहिली. मी तिच्या मुठीत होतो.

"साहेब, नाव काढायला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगितलं असं नाही. काढलेलं बरं, असं सगळ्यांचं मत पडलं."

"सगळ्यांचं म्हणजे कोणाचं?"

"तुझ्या वयाचा असताना मी पण असंच विचारायचो. म्हणून तर चार वर्षं टपाल विभागात लिफाफे चिकटवत बसलो होतो." त्यांनी डब्यातली एक चकती मोडली आणि अर्धी तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही. "ऐक जरा. उघड नाव घेतलं की ते लोक अडून बसतात. आतून बोलणी चालू आहेत, गुपचूप. नाव न घेता माणूस सुटला तर तुला हवंच आहे ना?"

"बोलणी कोण करतंय?"

"ते मला माहीत असतं तर ती गुपचूप कशी राहिली असती?" साहेब हसले. "वगळ ते. उद्या वाचायचाय कागद."

आता आमच्या कचेरीचा एक नियम सांगतो. फिरलेल्या कागदावरचा शब्द खरवडून काढायचा नाही. त्यावर दोन सरळ रेघा मारायच्या, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे अशा. समासात किती अक्षरे गेली ते लिहायचे. आणि ज्याने मूळ कागद लिहिला, त्यानेच तिथे आपला शिक्का मारायचा. हा नियम ज्याने केला, तो माझ्यासारखाच संशयी असणार.

मिनाकोने पट्टी ठेवून दोन रेघा मारल्या. समासात लिहिले, 'पाच अक्षरे वगळली'. मग मला उचलले. मला खूण नाही. तिने मला उलटे करून वरची बाजू शोधली, आणि शोधल्यावरही ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. होसाकांनी जेवढा वेळ ठेवला होता तेवढा तिला मिळाला. मग तिने मला लाल शाईत बुडवून कागदावर दाबले.

माझा अर्धा ठसा समासात पडला आणि अर्धा त्या माणसाच्या नावावर. मी दुसऱ्याच्या हातात होतो, मी काय करणार, असे मी म्हणू शकतो. आमच्या कचेरीत सगळे हेच म्हणतात. मला आजही त्याची लाज वाटते.

वरच्या चौकोनात ठसा मारायचा राहिला होता. तिथे तिने मला मुद्दाम उलटा मारला, डोके खाली आणि पाय वर. आमच्याकडे ज्याला कागद पटलेला नसतो, पण नाही म्हणायची हिंमत नसते, तो शिक्का उलटा मारतो. सगळ्यांना त्याचा अर्थ ठाऊक असतो. इनोकुमासाहेबांनी ठसा पाहिला. त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

"उलटा पडला वाटतं," ते म्हणाले. "खूण नसते ना तुझ्या शिक्क्याला. होतं असं. असू दे, नवा कागद करायला वेळ नाही." आणि त्यांनी आपले काळे शिंग शेजारी दाबले.

तिने एवढे धाडस गोळा केले होते आणि ते हाताची चूक म्हणून जमा झाले.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कागद वाचला गेला. 'कैदेतील व्यक्ती इत्यादींच्या परिस्थितीबद्दल चिंता वाटते.' 'इत्यादी' कोणी घातले ते मला आजतागायत कळलेले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. लेया आली, खुर्चीच्या कडेवर बसली.

"छापलं का नाव?"

"या वेळी नाही बसलं," मिनाको म्हणाली.

"बसलं नाही म्हणजे?"

मिनाकोने चहाचा पेला पुढे सरकवला. "आतून बोलणी चालू आहेत."

मित्रांनो, ते वाक्य मी दोनच दिवसांपूर्वी दुसऱ्या तोंडून ऐकले होते. लेयाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली वाकून आभार मानले. तिने सोबत आणलेली अंड्याच्या पोळीची गुंडाळी मिनाकोला दिली. आणि मिनाकोने मला भेटीच्या चिठ्ठीवर मारले, सरळ, स्वच्छ.

महिना-दीड महिन्यात वकिलातीचा सूर बदलला. असा कोणी माणूस आमच्याकडे नाही, कधी नव्हता, असे तोच अधिकारी म्हणू लागला. मिनाकोने त्याचेच शब्द त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "मी? मी कशाला असं म्हणेन?" ती वरच्या लोकांच्या मागे लागली तेव्हा तिची बदली झाली, तळघरात, जुन्या कागदांच्या विभागात. तिथे जायला लेयाला परवानगी नव्हती. तरी लेया गुरुवारी येत राहिली. तिला नवे नवे अधिकारी भेटत राहिले, आणि तेही तिला तेच एक वाक्य सांगत राहिले.

मग सरकारने आपल्या कचेऱ्यांतले रोजचे शिक्केच बंद केले. सगळी कामे संगणकावर गेली आणि आम्ही आपापल्या घरी आलो. मिनाकोने मला स्वयंपाकघरातल्या खणात टाकले. तिथे रबर होते, सोयाच्या पुड्या होत्या, एक मोडके घड्याळ होते. गावाहून आईने मुळ्यांची पेटी पाठवली, की पावतीवर मारायला मला बाहेर काढत. मी राष्ट्रांच्या कागदांवर बसलेला शिक्का, आता मुळ्यांपुरता उरलो. पण खरे सांगतो, खण मला बरा वाटे. तिथे निदान कोणाचे नाव माझ्याखाली नव्हते.

अशी एकूण नऊ वर्षे गेली. मिनाकोची आई वारली आणि वॉर्ड कचेरीतल्या कागदांसाठी मी पुन्हा तिच्या पिशवीत आलो. वॉर्ड कचेरीतले काम झाल्यावर त्याच दुपारी ती कामावर गेली तेव्हा तळमजल्यावर तिच्यासाठी कोणी तरी थांबले होते. लेयाचे केस पांढरे झाले होते. तिने टेबलावर एक कागद पसरला.

कायद्याने मागितले तर सरकारला जुने कागद दाखवावे लागतात. पण दाखवायच्या आधी नको त्या ओळींवर काळे फासतात. पांढऱ्या भातावर खायच्या काळ्या समुद्रशेवाळाची चादर घातलेला डबा असतो ना, त्यावरून कचेरीतले लोक अशा कागदाला 'शेवाळाचा डबा' म्हणतात आणि हसतात. लेयाचा कागद तसाच होता. एकही ओळ वाचता येत नव्हती. फक्त समासात चार शब्द राहिले होते, असे आधी मला वाटले. नीट पाहिले तर तीनच. 'पाच अक्षरे वगळली'. आणि त्यांच्याशेजारी माझा लाल ठसा, अर्धा.

ते तेवढेच कसे राहिले? काळे फासणाऱ्याला वाटले असेल, नुसत्या आकड्यावरून कोणाला काय कळणार. पण जुने कागद कोणाच्या विभागात होते, हेही मला ठाऊक आहे. माझा संशय मिनाकोवर आहे. मी खणात होतो, त्यामुळे शपथेवर काही सांगू शकत नाही.

"मी रोज बाराशे डबे भरते," लेया म्हणाली. "मोजायची सवय आहे मला. तुमच्या लिपीत माझ्या नवऱ्याचं नाव लिहिलं की पाच अक्षरं होतात."

"हो."

"हा शिक्का तुमचा?"

"हो."

"तुम्ही मला म्हणाला होतात, नाव बसलं नाही."

"खोटं बोलले मी," मिनाको म्हणाली. "बसलं होतं. मीच लिहिलं होतं आणि मीच खोडलं."

लेयाने तो कागद सरळ करून बाजूला ठेवला. मग तिने पिशवीतून दुसरा कागद काढला. हरवलेल्या माणसांचा शोध घेणारी देशादेशांची एक मोठी समिती आहे. तिच्याकडे लेयाने अर्ज केला होता. त्यावर तिच्या देशाच्या सरकारने एका ओळीत उत्तर दिले होते, या नावाचा माणूस आमच्या कैदेत कधीच नव्हता.

"उद्या म्हणतील, जन्मलाच नव्हता," लेया म्हणाली. "या काळ्याखाली त्याचं नाव आहे, असं तुम्ही लिहून द्या. आणि तो वकिलातीतला माणूस काय म्हणाला होता तेही."

"गुप्त कागद आहे. माझी नोकरी जाईल, लेया-सान. खटलाही होईल."

"माहितीये मला."

मिनाको म्हणाली, "बघते."

मी मनात म्हटले, संपले. 'बघते' म्हणणाऱ्या माणसांनी नंतर काय बघितले ते मी बावीस वर्षे पाहिले होते.

शनिवारी सकाळी तिने इनोकुमासाहेबांना फोन लावला. ते कधीच निवृत्त झाले होते, गावी बाग करत होते. फोन टेबलावर होता आणि मी शेजारी.

"साहेब, एकच विचारायचंय. ती गुपचूप बोलणी. होती का हो?"

पलीकडून चकती मोडल्याचा आवाज आला नाही, हसू आले नाही. "मला सांगितलं होतं, चालू आहेत. मी तेच तुला सांगितलं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वरच्यांनी."

"आणि त्यांना?"

"आता काय सांगू तुला," ते हळूच म्हणाले. "मी विचारलं नाही, सेगावा. विचारायला हवं होतं का?"

मित्रांनो, मला वाटत होते, या माणसाला सगळे माहीत आहे आणि तो लपवतो आहे. माझा तो संशय चुकीचा निघाला. त्याला काहीच माहीत नव्हते. कोणालाच नव्हते. एक वाक्य वरून खाली आले होते आणि प्रत्येकाने ते तसेच पुढच्याच्या हातात दिले होते. याचा मला जास्त धक्का बसला.

रविवारी दुपारी मिनाकोने चार पाने हाताने लिहिली. पाच मार्चला अधिकारी काय म्हणाला ते लिहिले. 'तेओ दारान' हे नाव तिने सात वेळा लिहिले, एकदाही 'इत्यादी' नाही. शेवटी लिहिले, 'ते नाव मी खोडले.' मग मला घेऊन दर दोन पानांच्या जोडावर ठसे मारले, मधले पान कोणी बदलू नये म्हणून. मी नोंदवलेला शिक्का होतो. वॉर्ड कचेरीचा दाखला आणि काळ्या कागदावरचा अर्धा ठसा शेजारी ठेवला की दोन्ही जुळत. हा कोणा कारकुनाचा ठसा असेल, आम्हाला माहीत नाही, असे म्हणायला कचेरीला जागा राहिली नाही. टपालवाल्या सेगावांनी अज्ञानाने भारी शिक्का घेतला, त्याचा असा उपयोग झाला.

मिनाकोची नोकरी गेली. चौकशी सुरू झाली, ती अजून चालू आहे. पाच महिन्यांनी त्या देशाच्या सरकारने समितीला दुसरे उत्तर पाठवले. लेया ते घेऊन मिनाकोच्या घरी आली. चपला काढून आत आली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि वाचून दाखवले. सदर व्यक्ती कैदेत होती. दोन एप्रिल रोजी आजाराने मरण पावली.

आमचा कागद वाचला गेला होता त्याच वर्षी, चौदा मार्चला.

लेयाने बोटांवर मोजले. घाई केली नाही. "एकोणीस दिवस," ती म्हणाली. "तुमचा कागद वाचला, त्यानंतर एकोणीस दिवस तो होता." मग ती आणखी काही तरी मोजू लागली, आणि तिचा आवाज फाटला. "त्यात तीन गुरुवार येतात, सेगावा-सान. तिन्ही गुरुवारी मी तुमच्या कचेरीत बसले होते. तो जिवंत होता आणि तुम्ही सगळे मला चहा देत होतात."

मिनाकोने माफी मागितली असती तर तीही मला संशयास्पद वाटली असती. ती फक्त समोर बसून राहिली आणि लेया टेबलावर डोके ठेवून रडली. इतक्या वर्षांत ती रडलेली मी पाहिली नव्हती.

मित्रांनो, मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. शिक्के पुष्कळ मिळतात. पण कुठे तरी दूर कोणाला कोंडले आहे असे तुमच्या कानावर आले, तर आधी त्याचे नाव विचारा, पूर्ण, आणि ते मोठ्याने घ्या. कोणी सांगितले, की आतून बोलणी चालू आहेत, तर विचारा, कोण बोलतो आहे, कोणाशी आणि कधी. उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका. आणि हे आज करा, माणूस आहे तोवर करा. माझ्या मालकिणीने तेओ दारानचे नाव घेतले. ते तिने घेतले तेव्हा त्याला जाऊन नऊ वर्षे झाली होती.